सरांच्या नावानं सोडलेलं मटण

सडोलीकर सर गेले, तेव्हा जिल्ह्यातले बरेचसे डॉक्टर, एका पतसंस्थेचे चेअरमन आणि कसबा बावड्याच्या रस्त्याला खानावळ चालवणारा आकाराम चौगुले, या सगळ्यांनी एकदमच सांगायला सुरुवात केली, की सरांचा सगळ्यांत लाडका विद्यार्थी मीच. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. त्यांच्या हाताखाली बेडूक उघडून बघितलेली माणसं गावोगाव पसरलेली, तेव्हा लाडक्यांची गर्दी होणारच. आकारामात आणि बाकीच्यांत फरक एवढाच, की बाकीचे पास झालेले होते.

आकाराम कोडोलीचा. बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षाला तो दोनदा आपटला. हाडांची नावं त्याच्या डोक्यात राहायचीच नाहीत. सर रागे भरले नाहीत. एका बुधवारी संध्याकाळी त्यांनी त्याला एका खानावळीत नेलं, मटणाचं ताट मागवलं आणि जेवता जेवता एकेक हाड ताटाच्या काठावर मांडत विचारू लागले, ह्ये कुठलं? आकारामला नळी ठाऊक होती, चाप ठाऊक होता. त्याच नळीला पुस्तकात काय म्हणतात, ते त्याला त्या दिवशी कळलं आणि पुन्हा कधी तो ते विसरला नाही. तरीही तो इंग्रजीत गेलाच, ती गोष्ट वेगळी.

कॉलेज सुटलं, पण बुधवार सुटला नाही. पुढं त्यानं स्वतःची खानावळ काढली, तेव्हा रस्त्याकडचं पहिलं टेबल सरांचं, हे कुणी न सांगताच ठरून गेलं. सर यायचे, तांबड्या रश्श्याची वाटी तोंडाला लावायचे, आणि काही कमीजास्त असलं तर सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे. त्या धाकानंच आकारामनं रोज दोन्ही वेळा रस्सा चाखायची शिस्त लावून घेतली. चुलीपाशी धोंडुबाई होती, हाताला पक्की. पण मिश्री लावून लावून तिची जीभ केव्हाच निबर झालेली. तिचं म्हणणं साधं होतं. हात माजा, जीभ तुजी.

शोकसभा कॉलेजच्या सभागृहात झाली. स्टेजवर सरांचा हार घातलेला फोटो आणि शेजारच्या सोफ्यावर त्यांच्या पत्नी आक्काताई. आक्काताई नेसरीकडच्या, प्राथमिक शाळेत बाई म्हणून त्यांनी जन्म काढलेला. त्यांना मधोमध बसवलं होतं, पण बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. शोकसभेत घरच्यांनी गप्प बसायचं आणि बाहेरच्यांनी बोलायचं, असा रिवाज पडला आहे.

आकाराम मनात एकच गोष्ट घेऊन आला होता, ताटाच्या काठावरच्या हाडांची. तेवढी सांगायची, फोटोला हात जोडायचे आणि खाली बसायचं.

पहिले उठले चेअरमन बाळासो. बाळासो बोलायला उठले, की माइकवाला बसायला खुर्ची शोधतो. त्यांनी सरांबद्दल थोडं आणि पतसंस्थेच्या नव्या शाखेबद्दल पुरेसं सांगितलं. मग ते फोटोकडं वळले. सरांनी आम्हांला प्राण्यांवर प्रेम करायला शिकवलं, ते म्हणाले, तेव्हा सरांच्या स्मरणार्थ मी आजपासून एक वर्ष मटण सोडतो.

सरांचं प्राण्यांवर प्रेम होतं, यात खोटं काही नाही. टाचण्या लावायच्या आधी ते पोरांना बेडकापुढं हात जोडायला लावायचे. पण बुधवारच्या ताटावरही त्यांचं तेवढंच प्रेम होतं, आणि हे सभागृहातल्या निम्म्या लोकांना चांगलं ठाऊक होतं. तरी कुणीतरी टाळी वाजवली. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. पण एक वाजली की दुसरी मागं राहत नाही. कोल्हापूरच्या माणसानं मटण सोडणं म्हणजे काय, ते कोल्हापूरकरालाच कळतं. कुणी शेत दान दिलं असतं, तरी एवढ्या टाळ्या पडल्या नसत्या.

चेअरमन एक वर्ष म्हणाले, मग कॉलेजची मान खाली जाऊ नये म्हणून प्राचार्य दोन वर्षं म्हणाले. त्यानंतर डॉक्टर शिवप्रसाद उठले. डॉक्टरांचं घर पिढ्यान् पिढ्या लिंगायत, अंड्याचं टरफलसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. त्यांनी डोळे पुसत पाच वर्षं मटण सोडलं. त्यांनाही टाळ्या मिळाल्या. सोडायला आधी धरावं लागतं, हे त्या घटकेला कुणाच्या ध्यानात आलं नाही. शाहूपुरीत गुळाच्या सौद्याला बोली चढावी, तशी सभा चढत गेली होती.

आणि नेमकं तेव्हाच नाव पुकारलं, आकाराम चौगुले.

आता हाडांची गोष्ट सांगायची कशी? सर मटण चवीनं खायचे, असं या सभेत म्हणणं म्हणजे सरांची बेअब्रू केल्यासारखं झालं असतं. माइक हातात घेऊन आकारामनं सरांच्या फोटोकडं बघितलं. 

"मी बी सोडलं," तो म्हणाला.

"किती वर्षं?" मागनं कुणीतरी विचारलं.

"जलमभर."

टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी पेपरात गुरुभक्त शिष्यांची नावं छापून आली. त्यात आकारामचं नाव पहिलं होतं. कॉलेजच्या कुठल्याही यादीत त्याचं नाव पहिलं येण्याची ही पहिलीच वेळ.

आकारामची बायको शालूबाई माळकरी. सोमवार, गुरुवार, एकादशी, चातुर्मासात एकवेळचं जेवण. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहाचा घोट घ्यायची नाही. नवऱ्याचा धंदा मटणाचा, पण त्यावरून तिनं कधी आवाज चढवला नाही. वर घर, खाली खानावळ, आणि मधला जिना ही तिची वेस. वेशीखाली ती उतरत नसे. मात्र नवऱ्याच्या तोंडचं मटण सुटावं म्हणून तिनं सोळा सोमवार केले होते, आणि एकदाच केले होते असंही नाही. सभेतली बातमी कळली, तशी तिनं देवापुढं साखर ठेवली. देवानं उशिरा का होईना, ऐकलं. मग ती नवऱ्याजवळ येऊन बसली आणि नेहमीच्या हळू आवाजात तिनं विचारलं, की संकल्प सोडताना उद्यापन कधी करायचं ते काही ठरवलं का.

आकाराम म्हणाला, उद्यापन कसलं, भाषण होतं ते.

"व्रत धरताना ते संपवायचं कवा, ते बी सांगायचं असतंय," शालूबाई म्हणाली. "जलमभर म्हटलासा. आता उद्यापन कोण करणार? मी?"

पण शब्द गेला होता, आणि तो सरांच्या नावानं गेला होता. आकारामनं तो पाळायचं ठरवलं. चाखलं तर चालतं का, असं त्यानं बायकोला विचारून बघितलं. चाखणं म्हणजे खाणंच, असं शालूबाईनं सांगितलं. त्यात आपला थोडा स्वार्थ होता, हे तिचं तिला पुढं उमगलं.

बाकीच्यांचं बरं चाललं होतं. श्रावण संपला, तसे बाळासो एका दुपारी खानावळीच्या मागच्या दारानं आत आले. मागं एक खोली होती, पडदा लावलेली, बायकामाणसं घेऊन येणाऱ्यांसाठी. तिथं ते एकटेच बसले. त्यांचं म्हणणं होतं, की मटण सोडलंय, रस्सा कुठं सोडलाय? वाटीत एखादा पीस आलाच तर तो टाकून देणं म्हणजे अन्नाचा अपमान, आणि सरांना तो खपला नसता. प्राचार्यांचा हिशेब निराळा होता. त्यांनी घरचं मटण सोडलं होतं, बाहेरचं नव्हे. एकदा दोघांची पडद्याआड गाठ पडली. तेव्हा बाळासो म्हणाले, मी तुम्हांलाच शोधत आलतो, आणि प्राचार्यही तेच म्हणाले. मग शोधाशोध पुरी झाल्यावर दोघांनी मिळून आणखी एकेक वाटी मागवली.

त्यांना वाढत होता आकाराम, ज्याच्या तोंडात मटणाचा कण नव्हता.

"पयलीसारखी चव न्हाय राह्यली गा," बाळासो बोटं चाटत म्हणायचे. "लक्ष कुठं असतंय तुझं?"

चव राहिली नव्हती, हे खरं होतं. आकाराम रश्श्याचा रंग बघायचा, वास घ्यायचा, पळीनं ढवळून दाटपणा बघायचा. पण जिभेचं काम डोळ्यांना येत नाही. धोंडुबाई आपल्या अंदाजानं मीठमसाला टाकायची आणि तिचा अंदाज मिश्रीच्या डबीत बुडालेला. गिऱ्हाइकाला विचारलं, की तो म्हणायचा, बरं हाय. कोल्हापुरात रस्सा चांगला झाला तर माणूस बोलत नाही, नाक पुसतो आणि वाटी पुढं करतो. बरं हाय म्हणाला, म्हणजे तो पुन्हा येत नाही. जवळच्या कारखान्याची पाळी सुटल्यावर जी माणसं आधी रांग लावायची, ती आता समोरच्या खानावळीत बसून याच्याकडं बघून हात हलवायची. दिवाळीपर्यंत मागची टेबलं ओस पडली, आणि संक्रांतीनंतर पुढची. आकाराम गल्ल्यावर बसून सरांच्या रिकाम्या टेबलाकडं बघायचा. सरांसाठी आपण काही करतो आहोत, एवढंच समाधान होतं, आणि ते रोज थोडं थोडं आंबत चाललं होतं.

वर्ष होत आलं, तसा स्मृतिदिनाचा कार्यक्रम ठरला. समितीचे अध्यक्ष अर्थातच बाळासो. व्रत निष्ठेनं पाळणाऱ्या शिष्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, अशी मोठ्या अक्षरांतली पत्रिका निघाली.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी आक्काताई खानावळीत आल्या. आत एकही गिऱ्हाईक नव्हतं. हातात स्टीलचा डबा. सरांच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. त्यांची लेक प्रीती संध्याकाळी पुण्याहून येणार होती. लहानपणी बापाचं बोट धरून तीही कितीतरी बुधवार इथं येऊन बसलेली. उद्या सकाळी घरी बुद्धवंदना होईल, मग कार्यक्रम. पण आज तिला बापाच्या आवडीचा रस्सा हवा होता. मधे एकदोनदा आक्काताईंनी शेजाऱ्यांकरवी नेला होता.

"त्यो न्हवता, आकाराम," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, ह्यांच्या माघारी माझीच चव गेली."

आकारामनं खाली मान घालून खरं ते सांगितलं. चाखणं बंद आहे. सभेत शब्द दिला होता.

आक्काताई त्याच्याकडं बघत राहिल्या. "ते तू खरंच पाळतोयस?"

"व्हय, आक्का."

"मी तितंच बसले होते की. मला वाटलं, ते भाषणापुरतं हाय." त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "ह्यांनी जन्मात कुणाला काय सोडा म्हणून सांगितलं न्हाय बाबा. शेवटच्या बाकावरच्याला सुद्धा म्हणायचे, घे की, हातात घे, बघ. त्यांच्या नावानं तुमी सगळ्यांनी सोडलंसा तेवढं. मला कुणी विचारलं असतं, तर सांगितलं असतं."

दिवेलागणीला डबा न्यायला येते म्हणून त्या निघून गेल्या.

आकाराम चुलीपुढं जाऊन उभा राहिला. पातेल्यात रस्सा उकळत होता. त्यानं पळी उचलली आणि परत ठेवली. उद्या शाल, आज ही पळी. चाखलं तर सरांना दिलेला शब्द मोडतो, आणि न चाखावं तर सरांच्याच घरी बेचव डबा जातो. धोंडुबाई कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत होती. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि शालूबाई वेस ओलांडून खाली आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पदर तिनं नाकाला लावलेला होता. तिनं वरून सगळं ऐकलं होतं.

"देवासाठी आपल्याला आवडतंय ते सोडायचं असतंय," ती म्हणाली. "माणसासाठी त्येला आवडतंय ते वाढायचं असतंय. तुमी सगळ्यांनी मिळून सरांसनी देव करून ठेवलासा."

"आणि व्रत?"

तिनं वर जिन्याकडं बघितलं. देवापुढची साखर तिला आठवली असेल, आणि ते सगळे सोमवार.

"माझ्या देवाला मी सांगते काय सांगायचं ते," ती म्हणाली. "तुमी चाखा."

आकारामनं पळीतला रस्सा तळहातावर घेतला. शालूबाईनं तोंड भिंतीकडं केलं, पण ती तिथून हलली नाही. त्यानं जीभ लावली, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. खोबरं कच्चं राहिलं होतं. तीळ नको तेवढे. चटणी वरून ओतल्यासारखी, तेलात मुरलेलीच नाही. असलं आपण वर्षभर लोकांना घातलं, या विचारानं त्याला आधी लाज वाटली आणि मग तो कामाला लागला. पातेलं उतरवलं, मसाला नव्यानं भाजायला घेतला. पुन्हा चाखलं, पुन्हा सुधारलं. शिजलंय का बघायला एक नळीही फोडली.

"वरीसभर कुठं मेलतास, मर्दा?" धोंडुबाई म्हणाली, आणि चुलीत लाकूड सारलं.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. सत्काराला पहिले डॉक्टर शिवप्रसाद. पहिले काही महिने जड गेले, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. प्राचार्यांनी शाल घेताना सरांच्या फोटोकडं बघून डोळे मिटले. बाळासोंनी आपली शाल आपल्याच समितीकडून स्वीकारली आणि टाळ्यांच्या भरात व्रत आणखी एका वर्षानं वाढवलं. सगळ्यांत भारी शाल शेवटी ठेवलेली होती, जन्मभरवाल्यासाठी.

आकारामनं ती अंगावर घेऊ दिली नाही. माइक जवळ ओढला.

"शाल नको," तो म्हणाला. "काल मी मटण खाल्लं."

 बाळासोंच्या तोंडचं पाणी पळालं. हा आता पुढं काय काय सांगतो, याचा त्यांनी धसका घेतला. प्राचार्य बुटाची नाडी बांधायला वाकले. पण गिऱ्हाइकाचं ताट चव्हाट्यावर मांडायचं नाही, हा धंद्याचा धर्म आकारामला ठाऊक होता. तो पुढं काहीच बोलला नाही. धोका टळला असं दिसताच बाळासोंना राग येऊ लागला. सरांच्या फोटोसमोर उभं राहून हे सांगताना जीभ कशी रेटली, असं त्यांनी विचारलं. माणसानं शब्द पाळावा, तो कसा पाळावा ते आमच्याकडं बघून शिकावं, असंही म्हणाले. प्राचार्य नाडी बांधून वर आले आणि श्रद्धा कमी पडली, एवढंच हळहळून बोलले. पहिल्या रांगेतल्या लोकांनी माना डोलावल्या. आकाराम बाळासोंच्या त्या बोटांकडं बघत ऐकत राहिला. गेल्याच रविवारी त्या बोटांसमोर त्यानं दोन पीस जादा ठेवले होते.

तेव्हा आक्काताई सोफ्यावरून उठल्या. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव नव्हतं, त्यामुळं त्यांना थांबवायचं की कसं, हे कुणाला समजेना. त्या माइकपाशी आल्या.

"आकाराम, दुपारी खानावळ उघडी हाय न्हवं?"

"हाय की, आक्का."

"मी आणि प्रीती येतो. काल पोटभर जेवलो, वरीसभरानं." मग सभेकडं वळून त्यांनी हात जोडले, लेकीला खूण केली आणि दोघी दाराकडं चालू लागल्या. त्यांच्यासाठी टाळी वाजवावी का नाही, याचा लोक विचारच करत राहिले.

दुपारी दोघी सरांच्या टेबलावर बसल्या. थोड्या वेळानं बाळासो, प्राचार्य आणि डॉक्टर असे तिघे आले. कार्यक्रम म्हटला की भूक लागतेच, आणि बरोबर डॉक्टर असल्यामुळं मागच्या दाराकडं वळता येईना. आक्काताईंचं येणं भाषणापुरतं असेल, असं धरून पुढच्या दारातून आत शिरले, तर समोर आक्काताई.

"या की, पावणं," त्या म्हणाल्या. "हितंच बसा शेजारी."

बसावं लागलं. आतून भाजलेल्या खोबऱ्याचा वास येत होता. तो वास रस्त्यापलीकडंही गेला असावा. समोरच्या खानावळीतले दोघं हात धुऊन दारात येऊन उभे होते. आकाराम फडक्याला हात पुसत आला आणि त्यानं गंभीरपणे विचारलं, काय आणू?

बाळासो प्राचार्यांकडं बघू लागले. प्राचार्य टेबलाकडं बघू लागले. शेवटी शाकाहारी, असं कुणीतरी पुटपुटलं.

"धोंडुबाई, तीन अख्खा मसूर," आकारामनं आत ओरडून सांगितलं. मग स्वतःसाठी ताट वाढून घेतलं आणि आक्काताईंच्या समोर येऊन जेवायला बसला.

डॉक्टरांना मसूर फार आवडला. एवढा चांगला मसूर कुठं खाल्ला नव्हता, असं म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा मागवला. प्राचार्य भाकरी मोडत राहिले. प्रीतीनं वाटी तोंडाला लावून संपवली, नाक पुसलं आणि काही न बोलता पुढं केली. बाळासोंची नजर त्या वाटीबरोबर आत गेली आणि भरलेल्या वाटीबरोबर बाहेर आली.

"आकाराम," ते अगदी हळू म्हणाले, "ह्या मसुरावर नुसता वरचा तांबडा एक पळी घातलास, तर..."

आक्काताईंनी ताटातून मान वर केली नाही.

"आणखी एक वरीस वाढवलंय न्हवं सकाळी?" त्या म्हणाल्या. "मग पाळा की."